नंबरची विहीर

आमच्या जुन्या विहिरीला सरकारी नंबर आहे, काठाच्या दगडावर रंगानं लिहिलेला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ साली निघाली. तिच्या निरीक्षण विहिरी राज्यभर पसरल्यात, त्यातली ही एक. जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर असा वर्षातनं चार वेळा माणूस येतो, फीत सोडतो. काठाची उंची वजा करतो, कारण पाणी जमिनीपासनं किती खाली, तेच धरायचं असतं. मोटार आधी बंद ठेवा, एवढाच त्याचा आग्रह. उपसा चालू असताना घेतलेलं माप खोटं.

आमचे आबा परसात मोजायचे. त्यांच्या वेळी मे महिन्यात दोन परसावर पाणी दिसायचं. आता चार परसावर खडक उघडा पडतो.

यंत्रणा आजचं माप मागल्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघते आणि फरकाचे रंग नकाशात भरते. उपशाचा हिशोब वेगळा. जमिनीत भरणाऱ्या पाण्यातलं ७० टक्क्यांपर्यंत काढलं तर सुरक्षित, ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित, त्यापुढं अतिशोषित. मागल्या उन्हाळ्यात पुतण्या मोबाईल नाचवत आला, "काका, आपलं पाणलोट सुरक्षितात हाय. मग पाचशे फुटाची बोअर घ्यायला काय हरकत?"

म्हटलं, बाबा, पाणलोटात ओढ्याकाठची मळई बी आली आन् आपला माळ बी. त्यांचं भरलेलं ताट आपल्या नावावर कशाला मांडतोस?

पंजाब-हरियाणाची गोष्ट निराळी. तिथं गाळाची जमीन, पाणी मैलोन्‌मैल एकसंध. २००२ साली आभाळात सोडलेल्या दोन जोड उपग्रहांनी जमिनीच्या ओढीतला फरक टिपला. त्यावरनं राजस्थान, पंजाब, हरियाणात सहा वर्षांत १०९ घनकिलोमीटर भूजल गेल्याचं २००९ साली शास्त्रज्ञांनी मांडलं. वजनावरनं पाणी ओळखायचं, म्हणजे भरला माठ उचलून बघितल्यासारखंच. पण त्या उपग्रहाला माझी विहीर दिसायची नाही, त्याची नजर शेकडो किलोमीटरची. आणि आपल्याकडं बहुतेक सगळा काळा पाषाण. पाणी मुरमात नाहीतर भेगेत. भेग सापडली तर झरा, नाहीतर वीस पावलांवर कोरडा कातळ. खोल बोअर वरच्याच भेगेतनं शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी ओढते, हे आमच्या वस्तीनं दोनदा बघितलंय.

मे सरताना पुतण्याला घेऊन वस्तीच्या अकरा विहिरींत दोरी सोडली. कुणी हसलं, कुणी चहा पाजला. कॅलेंडरच्या पाठीवर पोरानंच ओढा काढला, विहिरी मांडल्या, प्रत्येकीपुढं खोली लिहिली. बोअरच्या आसपासच्या चार सगळ्यांत खोल निघाल्या. त्यातली एक त्याच्या चुलत सासऱ्याची. रात्री बराच वेळ तो ते कॅलेंडर घेऊन बसला होता.

सकाळी बोअरच्या गाडीवाल्याला फोन केला, "या मोसमात नको."

पुढल्या मोसमाचं तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.