दारं धरणारा माणूस

रब्बीत कन्नड तालुक्यात शेतपंपांची वीज पाळीपाळीने येते. एखाद्या आठवड्यात दिवसा, एखाद्या आठवड्यात रात्री. रात्रपाळी लागली की पिशोरच्या शिवारात कपाळाला बांधलेल्या बॅटऱ्या हलताना दिसू लागतात. विहिरीवर मोटार धडधडत असते, पाटाने पाणी येत असतं आणि चिखलात उभा असलेला एक माणूस फावड्याने एका वाफ्याचं तोंड फोडतो, दुसऱ्याचं बुजवतो. याला म्हणतात दारं धरणं. अद्रकीला आता ठिबक आली, पण गव्हाला पुष्कळ ठिकाणी अजून असंच पाणी द्यावं लागतं. दारं धरणाऱ्याची नजर भरत असलेल्या वाफ्यावर फारशी नसतेच. ती पुढच्या वाफ्यावर असते, त्याच्याही पुढच्या वाफ्यावर असते. पाणी पायाशी पोचायच्या आत कुठलं दारं फोडायचं ते ठरलेलं हवं. पाणी आल्यावर विचार करू म्हटलं, तर ते पाट फोडून भलतीकडेच निघून जातं.

पिशोर हे काही फुटबॉलचं गाव नाही. इथली पोरं क्रिकेट आणि कबड्डीत वाढतात. पण मोबाइल आला आणि रात्रपाळीला सोबत मिळाली. हिवाळ्यात युरोपातले मोठे सामने आपल्याकडे रात्री दीडच्या सुमाराला सुरू होतात, म्हणजे नेमके पाण्याच्या वेळेला. बांधावरच्या दगडाला टेकवून ठेवलेला मोबाइल आणि त्यात हिरवंगार मैदान. वाफा भरेपर्यंत चार मिनिटं बघायचं, मग उठायचं. असं तुकड्यातुकड्यांनी बघणाऱ्याला गोल हमखास चुकतो. मात्र एक गोष्ट त्याच्या लवकर ध्यानात येते: त्या बावीस जणांतही एक दारं धरणारा असतो.

इटलीत त्याला रेजिस्ता म्हणतात. शब्दाचा अर्थ दिग्दर्शक. आणि हे नाव ज्याला सगळ्यांत शोभलं तो आंद्रेआ पिर्लो. जन्म १९ मे १९७९, उत्तर इटलीतल्या ब्रेशिया शहराजवळचं फ्लेरो हे गाव. वयाच्या सोळाव्या वर्षी तो ब्रेशियाकडून इटलीच्या सर्वोच्च साखळीत, सेरी आमध्ये उतरला. तेव्हा तो आघाडीच्या जोडीमागे खेळायचा, गोलच्या जवळ. इंटर मिलानने त्याला घेतलं खरं, पण तिथे त्याचं बस्तान बसलं नाही. २००१ च्या सुरुवातीला तो उसनवारीवर परत ब्रेशियात आला, तर तिथे त्याच्या जागेवर रॉबेर्तो बाज्जो उभा होता. बाज्जोला बाजूला सारणं कुणालाच शक्य नव्हतं. मग प्रशिक्षक कार्लो मात्झोने यांनी पिर्लोला मागे ओढलं, थेट बचावफळीच्या पुढ्यात. वरून पाहता ही पदावनती होती. जो गोलपासून वीस पावलांवर खेळायचा तो पन्नास पावलांवर गेला. पण मागे गेल्यावर अख्खं मैदान त्याच्यासमोर आलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तुरीनला युव्हेंतुसविरुद्ध त्याने मागूनच एक लांब चेंडू उंचावरून टाकला. धावत्या बाज्जोने तो पहिल्याच स्पर्शात गोलरक्षकाच्या बाजूने काढला आणि बरोबरी साधली. तो गोल बाज्जोच्या नावावर आहे आणि तसाच असायला हवा. मात्र त्या लांब चेंडूत पिर्लोचं पुढचं सगळं आयुष्य दिसतं.

पुढे मिलानमध्ये कार्लो अँचेलोत्ती यांनी त्याला कायमचं त्या जागेवर बसवलं. त्याच्या शेजारी गट्टुसो. गट्टुसोने धावायचं, भिडायचं, चेंडू हिसकावून आणायचा आणि पिर्लोकडे द्यायचा. पिर्लोने तो कुठे सोडायचा ते ठरवायचं. २००३ आणि २००७ मध्ये मिलानने चॅम्पियन्स लीग जिंकली ती याच जोडीच्या जोरावर.

पण पिर्लो समजून घ्यायला एकच क्षण पुरेसा आहे. ४ जुलै २००६, डॉर्टमुंड, विश्वचषकाचा उपांत्य सामना. समोर यजमान जर्मनी. जादा वेळही संपत आलेला, ११९ वं मिनिट. कॉर्नरवरून आलेला चेंडू जर्मन बचावाने बाहेर टाकला तो पिर्लोच्या पायाशी, गोलक्षेत्राच्या तोंडावर. कुणीही तिथून मारलाच असता. पिर्लोने मारला नाही. त्याने चेंडू उजवीकडे आडवा नेला, एक पाऊल, दोन पावलं. आता मारेल, मग मारेल म्हणत जर्मन खेळाडू त्याच्यामागे सरकत राहिले. सरकता सरकता त्यांच्यात एक फट पडली, आणि नजर भलतीकडेच ठेवून त्याने चेंडू त्या फटीतून आत सोडला. तिथे फाबिओ ग्रोसो होता, डावा बचावपटू. त्याने पहिल्याच फटक्यात डाव्या पायाने तो दूरच्या कोपऱ्यात वळवला. जगाच्या आठवणीत राहिलं ते ग्रोसोचं बेभान, मान हलवत धावणं. पाच दिवसांनी बर्लिनमध्ये अंतिम सामन्याचा मानकरी पिर्लो ठरला. मातेराझ्झीच्या बरोबरीच्या गोलचा कॉर्नर त्याचाच होता आणि पेनल्टीच्या फैरीत इटलीतर्फे पहिला चेंडू मारायलाही तोच गेला.

२०११ मध्ये मिलानने त्याला सोडलं. बत्तीस वर्षांचा माणूस आता किती धावणार, असा हिशेब होता. युव्हेंतुसने त्याला एक पैसाही न मोजता घेतलं आणि पुढची चारही वर्षं सेरी आ जिंकली, त्यातलं पहिलं वर्ष एकही सामना न हरता. जो कधी पायांवर खेळलाच नाही त्याचे पाय थकल्याने काय बिघडणार होतं!

आता इटलीतून आपल्या किनाऱ्यावर येऊ. पिर्लोच्या जन्माआधी चार महिने, १६ जानेवारी १९७९ ला, गोव्याच्या एका खेळाडूचा जन्म झाला. त्याचं नाव क्लायमॅक्स लॉरेन्स. तोही मधल्या फळीचा, तोही बचावाच्या पुढ्यात उभा राहणारा. या दोघांची कौशल्याची तुलना करण्यात अर्थ नाही. क्लायमॅक्सचं काम पिर्लोपेक्षा गट्टुसोच्या जास्त जवळचं होतं: आडवं जाणं, तोडणं, आणि तोडलेला चेंडू उगाच जवळ न ठेवता साध्या पासने पुढे देऊन टाकणं. पण दोघं उभे होते ते एकाच दारावर.

गोव्यात फुटबॉल म्हणजे गावची गोष्ट आहे. १८८३ मध्ये फादर विल्यम लायन्स या पाद्र्याने शिवोलीला हा खेळ आणला असं सांगतात, आणि तेव्हापासून भात कापून रिकाम्या झालेल्या शेतांत तो खेळला जातो. मुंबई-पुण्याच्या मराठी घरांत क्रिकेटचं जे स्थान आहे, ते तिथे फुटबॉलचं. साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स ही तिथे घराघरांतली नावं. क्लायमॅक्स साळगावकरकडून खेळला, कोलकात्यात ईस्ट बंगालकडून खेळला आणि मग धेंपोत आला. आर्मांदो कुलासो यांच्या प्रशिक्षणाखाली धेंपोने जो संघ बांधला, त्याच्या तोडीचा संघ भारतीय क्लब फुटबॉलला फार क्वचित लाभला. २००४-०५ आणि २००६-०७ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग; मग २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ ची आय-लीग. आठ मोसमांत पाच विजेतेपदं. २००८ मध्ये एएफसी कपची उपांत्य फेरी. नायजेरियाचा रँटी मार्टिन्स गोलांचा पाऊस पाडायचा, ब्राझीलचा बेटो चेंडू खेळवायचा, मागे महेश गवळी आणि समीर नाईक, बाजूला क्लिफर्ड मिरांडा. आणि या सगळ्यांच्या मधोमध क्लायमॅक्स. धेंपोचं कौतुक करताना लोक रँटीचे गोल मोजायचे, ते साहजिकच आहे. पण ज्या चेंडूवर गोल व्हायचा, तो चार-पाच पास आधी प्रतिस्पर्ध्याच्या पायातून कुणी काढून घेतला होता, हे पाहायची सवय आपल्या प्रेक्षकाला लागलीच नाही. क्रिकेटवर पोसलेल्या डोळ्याला प्रत्येक चेंडूचा निकाल तिथल्या तिथे हवा असतो: धाव, बळी नाहीतर निर्धाव. मधल्या फळीतल्या माणसाचं काम यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आणि तरीही या माणसाच्या नावावर एक गोल आहे. भारतीय फुटबॉलचा अलीकडचा इतिहास त्या गोलाला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.

जुलै २००८ ची अखेर, हैदराबाद. एएफसी चॅलेंज कप. जिंकणाऱ्या संघाला २०११ च्या आशियाई चषकात थेट प्रवेश मिळणार होता, जिथे भारत १९८४ नंतर गेलाच नव्हता. पहिला सामना अफगाणिस्तानशी. समोरचा संघ दुबळा, प्रेक्षक घरचे, आणि गोल काही होईना. बायचुंग भुतिया होता, सुनील छेत्री होता. नव्वद मिनिटं सरली, फळा कोराच. भरपाई वेळ सुरू झाली आणि गोल केला तो क्लायमॅक्सने. १-०.

पुढचा हिशेब फार कुणी मांडत नाही, म्हणून इथे मांडायला हवा. त्यानंतर भारताची ताजिकिस्तानशी १-१ अशी बरोबरी झाली आणि तुर्कमेनिस्तानवर २-१ असा विजय मिळाला. भारत गटात पहिला, ताजिकिस्तान दुसरा. त्यामुळे उपांत्य फेरीत भारतासमोर म्यानमार आला आणि उत्तर कोरिया ताजिकिस्तानच्या वाट्याला गेला. अफगाणिस्तानाशी बरोबरी झाली असती तर भारत आणि ताजिकिस्तानचे गुण सारखे झाले असते, गोलफरकात ताजिकिस्तान वर गेला असता आणि भारताला खेळावं लागलं असतं उत्तर कोरियाशी, म्हणजे दोनच वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत विश्वचषक खेळलेल्या संघाशी. भारत तिथे हरलाच असता असं कुणी म्हणू नये; ताजिकिस्तानने त्याच उत्तर कोरियाला हरवलं. पण वाट वेगळी झाली असती, हे नक्की. भरपाई वेळेतल्या त्या एका फटक्याने पाणी या पाटातून त्या पाटात गेलं.

म्यानमारला भारताने १-० ने नमवलं. हैदराबादच्या पावसाने मैदानांची दुर्दशा झाली म्हणून अंतिम सामना दिल्लीला, आंबेडकर स्टेडियमवर हलवला गेला. १३ ऑगस्टला तिथे सुनील छेत्रीने तीन गोल केले, भारताने ताजिकिस्तानला ४-१ असं हरवलं आणि चोवीस वर्षांनी आशियाई चषकाचं दार उघडलं. स्पर्धा लक्षात राहिली ती छेत्रीच्या हॅट्ट्रिकमुळे. तेही बरोबरच आहे.

जानेवारी २०११, दोहा. प्रशिक्षक बॉब हॉटन यांच्या त्या संघात क्लायमॅक्स होता. ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहरीनकडून २-५, दक्षिण कोरियाकडून १-४. आकडे बोचरे आहेत. पण मधल्या फळीचा माणूस अशा सामन्यांतच नीट दिसतो. संघ वरचढ असतो तेव्हा त्याचं काम झाकलं जातं. समोरून लोंढा येतो तेव्हा तोच एकटा मधे उभा राहतो, हे दारं बुजव, ते बुजव करत. २०१२ मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉल थांबवलं.

त्याच्यानंतर गोव्यात ही जागा रिकामी राहिली नाही, फक्त तिचा बाज बदलला. मडगावचा ब्रँडन फर्नांडिस, जन्म १९९४. हा मात्र पिर्लोच्या वळणाचा: हिसकावण्यापेक्षा सोडण्यात रमणारा. एप्रिल २०२१ मध्ये एफसी गोवा हा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. सामने फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवरच होते, पण कोरोनामुळे खुर्च्या रिकाम्या. घरच्या अंगणात एवढा मोठा सोहळा आणि बघायला अंगणात कुणी नाही, याची चुटपुट गोव्याला अजून असेल. २० एप्रिलला इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध, चौदाव्या मिनिटाला ब्रँडनने फ्री किक घेतली. चेंडू वळत वळत गर्दीत गेला आणि एदू बेदियाने त्याला डोकं लावलं. त्या स्पर्धेच्या गटफेरीतला भारतीय क्लबचा तो पहिला गोल. सामना पर्सेपोलिसने २-१ असा जिंकला. नोंद बेदियाच्या नावावर, वळण ब्रँडनच्या पायाचं.

धेंपोची गोष्ट मधे तुटली होती. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. पाच वेळा देश जिंकलेला क्लब गोव्याच्या स्थानिक साखळीत खेळत राहिला. २०२४ मध्ये खालच्या लीगमधून वर चढून तो पुन्हा आय-लीगमध्ये आला, तेव्हा मैदानाच्या कडेला प्रशिक्षक म्हणून उभा होता समीर नाईक, क्लायमॅक्सच्या मागे बचाव सांभाळणारा.

पिशोरच्या रानात बसून यातलं काही पाहायचं तर एक युक्ती करावी लागते. चेंडूवरून नजर उचलायची आणि मधल्या एकाच माणसावर ठेवायची, निदान एक वाफा भरेपर्यंत. पहिल्यांदा काहीच घडत नाही असं वाटतं. तो चालतो, थांबतो, हात करतो. मग ध्यानात येतं की चेंडू लांब असतानाच तो मान वळवून मागे बघतोय, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. चेंडू येतो, पायाशी जेमतेम थांबतो आणि जातो. मान पुन्हा वळू लागते. रात्रभर दारं धरलेल्याला ती मान ओळखीची वाटते. पाणी यायच्या आधी तोही असाच बॅटरीचा झोत पुढच्या साऱ्यांवरून फिरवत असतो.

पहाटे वीज जाते. मोटारीचा आवाज एकाएकी बंद होतो आणि शिवार इतकं शांत होतं की मोबाइलमधल्या समालोचकाचा आवाज बांधभर ऐकू येतो. सामना कधीच संपलेला असतो, पडद्यावर गोल पुन्हा पुन्हा दाखवत असतात. पाटात उरलेलं पाणी अजून हळूहळू सरकत असतं. तो उठतो, शेवटचं दारं फोडतो आणि पाणी कोपऱ्यातल्या वाफ्यात शिरेपर्यंत फावड्यावर टेकून उभा राहतो.