तापलेले इंजिन आणि उचंत खाते

विदर्भाचा उन्हाळा व्यापाऱ्याच्या मालाची जशी परीक्षा घेतो, तशीच त्याच्या गाडीचीही घेतो. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, कळमन्याच्या बाजार आवारात मालवाहू गाड्या तासन्‌तास रांगेत उभ्या असतात आणि इतवारीच्या अरुंद गल्ल्यांत पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या पलीकडे जाताच येत नाही. अशाच एखाद्या दुपारी पेढीवर फोन वाजतो : "शेठजी, गाडी गरम होऊन राहिली." या एका वाक्यानंतर जे बोलले जाते, त्यावर इंजिनाचे आणि कित्येकदा एका माणसाच्या अब्रूचेही भवितव्य ठरते. कारण पेढीवरून विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा 'काय झाले?' असा नसतो, 'काय केलेस?' असा असतो.

डिझेल इंजिन जाळलेल्या इंधनातील सुमारे ३५ ते ४० टक्के ऊर्जाच कामाला लावू शकते. उरलेली उष्णता काही धुरावाटे, तर काही कूलंटवाटे बाहेर टाकावी लागते. पंप हे कूलंट इंजिनाच्या अंगातून फिरवतो. थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडून ते रेडिएटरकडे सोडते. पंखा रेडिएटरच्या जाळीतून हवा ओढतो. आणि रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते, म्हणून प्रेशर कुकरप्रमाणे आतले पाणी १०० अंशांना उकळत नाही. ही उष्णतेची जमा-नावे आहे. काटा लाल रेषेकडे सरकला, याचा अर्थ तेरीज जुळत नाही एवढाच. चूक कोणत्या खात्यात आहे, हे काटा सांगत नाही.

तेरीज जुळली नाही, तर फरकाची रक्कम तात्पुरती उचंत खात्यात टाकण्याची सोय हिशेबात आहे. परंतु उचंत खाते वर्षानुवर्षे तसेच चालू ठेवणाऱ्या पेढीविषयी जाणता माणूस काय समजतो, हे व्यापारी कुटुंबाला सांगायला नको. गाडीच्या बाबतीत मात्र हे खाते सर्रास उघडले जाते. रोज सकाळी दोन लिटर पाणी ओतून गाडी काढणे, हे उचंत खाते. थर्मोस्टॅट काढून फेकणे, हे त्याहून मोठे. तो काढल्याने थंडीच्या दिवसांत इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही, डिझेल जास्त लागते, झीज वाढते. आणि काही इंजिनांत तर कूलंट रेडिएटरला वळसा घालून जात राहिल्याने गाडी उलट अधिकच तापते. कमी होणारे दोन लिटर पाणी कुठे जाते, हा प्रश्न तसाच राहतो.

जाणता कारागीर हत्याराला हात लावण्यापूर्वी विचारतो : गाडी केव्हा तापते? इतवारीच्या गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर संशय पंख्यावर, त्याच्या पट्ट्यावर किंवा व्हिस्कस क्लचवर जातो. कारण वेगात धावताना लागणारी हवा पंख्याची उणीव भरून काढते. गावात ठीक असते, पण छिंदवाड्याच्या वाटेवर सिल्लेवानीचा घाट चढताना किंवा समृद्धी महामार्गावर तासभर एकसारखी धावल्यावर तापते, तर रेडिएटर आतून वा बाहेरून चोंदलेला असावा, किंवा पंप कमी पाणी फिरवत असावा. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा या महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहता झाला. शहराच्या थांबत-थांबत जाण्यात लपून राहणारे दोष अशा अखंड धावेत उघडे पडतात. सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा चढतो आणि रेडिएटरकडे जाणारी वरची नळी मात्र गार राहते, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याचा संभव मोठा. बाहेर कुठे थेंब दिसत नाही तरी कूलंट घटते, पांढरा धूर येतो, ऑईल दुधाळ होते किंवा टाकीत सतत बुडबुडे उठतात, तेव्हाच हेड गॅस्केटचे नाव घ्यावे. तपासाचा क्रमही स्वस्ताकडून महागाकडे असावा : कूलंटची पातळी, गळती, झाकण, पट्टा, जाळी, मग थर्मोस्टॅट, पंखा, पंप, आणि सर्वांत शेवटी हेड.

इतवारीतील एका डाळ-व्यापाऱ्याच्या पिकअपचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. गाडी तापू लागल्यावर पहिल्या गॅरेजने थर्मोस्टॅट काढला, दुसऱ्याने पंप बदलला, तिसऱ्याने हेड उघडावे लागेल असे सांगितले. दरम्यान पेढीवर एक निष्कर्ष पक्का झाला होता : चालक गाडी रेटतो. त्याच्या जागी दुसरा पाहण्याची बोलणीही सुरू झाली. अखेरीस घरातल्या धाकट्या मुलाने चालकाला जवळ बसवून तो साधा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "शहरात नाही तापत. माल भरून सावनेरच्या पुढं निघालं का काटा चढते. रातच्याला डाळ मिलमधी गाडी उभी राहून राहिली ना, तवापासून हे सुरू झालं." पुढून पाहता जाळी स्वच्छ होती. परंतु ती एसीच्या कंडेन्सरची जाळी होती. तिच्या आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत तुरीचे फोलपट आणि चुनीची धूळ तेलकट ओलीत बसून तिचा नमदा झाला होता. इंजिनाच्या बाजूने, बेताच्या दाबाने पाणी मारून तो काढला, थर्मोस्टॅट नवा बसवला. हेडला हात लावावा लागला नाही. गाडी भरल्या मालानिशी घाट चढून आली. चालक कामावर राहिला. तथापि, दोन महिने त्याने मान खाली घालून ऐकलेले शब्द कोणत्याही खात्यात परत जमा झाले नाहीत.

जैन दर्शनातील अनेकान्ताची शिकवण प्रवचनात ऐकायला सोपी आहे, दुकानाच्या ओट्यावर अवघड. वस्तूची अनेक अंगे असतात. एका अंगाने केलेले कथन म्हणजे नय. नय खोटा नसतो. तोच स्वतःला संपूर्ण सत्य मानून इतरांना नाकारू लागला, की दुर्नय होतो. थर्मोस्टॅट बिघडू शकतो, पंप झिजू शकतो, चालकही चुकू शकतो. यांतले एकही विधान मुळात असत्य नव्हते. प्रत्येकाने आपल्या विधानापुढचा 'स्यात्' तेवढा गाळला होता. चालकाचे म्हणणेही एक नयच होते. कारण त्यालाही माहीत नव्हते. फरक इतकाच, की दिवसाचे दहा तास त्या काट्यासमोर बसणारा तो एकटाच होता, आणि त्यालाच सर्वांत शेवटी विचारले गेले.

मालकाच्या घाईची झळ चालकाच्या देहालाही लागते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडताच दाब सुटतो आणि उकळते पाणी तोंडावर, छातीवर उडते. हे चालकाला ठाऊक नसते असे नाही; पण फोनवर 'किती वेळ लावतोस?' ऐकू येत असते. म्हणून नियम पेढीनेच घालून द्यावा. काटा चढू लागला, तर एसी बंद करावा, वेग कमी करावा आणि गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावी. वाफ नसेल, कूलंट सांडत नसेल आणि काटा लाल रेषेच्या आत असेल, तर इंजिन दोन मिनिटे संथ चालू ठेवावे. अन्यथा तत्काळ बंद करावे. वरची नळी हाताला सोसेल इतकी निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, त्याने हेडला तडा जातो. आणि शेठजींनी स्वतःच्या तोंडाने सांगावे : "उशीर झाला तरी चालेल."

पाण्याविषयीही दोन शब्द. पाणी गाळून वापरण्याचा संस्कार घरोघरी आहे. परंतु वस्त्राने जीव आणि गाळ अडतो, पाण्यात विरघळलेले क्षार अडत नाहीत. बोअरवेलच्या जड पाण्याचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचत जातो. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट, सांगितलेल्या प्रमाणात, क्षारविरहित पाण्यात मिसळूनच भरावे. मात्र बहुतेक कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. रस्त्यावर सांडलेले कूलंट कुत्रे, मांजर, गाय चाटतात आणि थोड्याशा मात्रेनेही मूत्रपिंडे निकामी होऊन तडफडून मरतात. पांजरपोळाला देणगी देणाऱ्या घराच्या दारात असे हिरवे डबके राहू नये. सांडलेले कूलंट मातीत टिपून बंद पिशवीत भरावे, जागा धुवावी; जुने कूलंट गटारात न सोडता बंद डब्यात गॅरेजकडे सोपवावे. जयणा म्हणतात ती हीच.

सगळ्या देण्याघेण्याची नोंद ठेवणाऱ्या घराला आणखी एक वही जड नाही. ती गाडीतच असावी : तारीख, किलोमीटर, सकाळची कूलंटची पातळी, किती ओतले, काटा केव्हा आणि कुठे चढला. लिहिणारा चालक असावा आणि आठवड्यातून एकदा वाचणारा मालक. पुढच्या वेळी गाडी गॅरेजमध्ये जाईल, तेव्हा वहीही सोबत जाईल आणि कारागिराशी बोलायला चालकच पुढे असेल.