दहापैकी किती?

समोरच्या माणसाला एका शब्दाचाही सल्ला न देता बदलायला मदत करता येते, हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय. बायको म्हणते, "सल्ला द्यायचा नसतो, हा सल्ला तू अजून किती जणांना देणार आहेस?" तिचं बरोबर आहे. पण काय करू, राहवत नाही!

मी मूळचा क्वालिटीवाला. आधी भोसरी, मग चाकण. अर्धं आयुष्य व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि गेजच्या संगतीत गेलं. शाफ्टचा व्यास केसभर जरी हुकला तरी पीस लाल डब्यात. मग रिजेक्शनचा रिपोर्ट, कस्टमरचा फोन, ऑडिट. काम वाईट नव्हतं, मला ते आवडायचंही. आता मात्र माझा नोटीस पिरियड चालू आहे आणि तो संपला की मी हेल्थ कोच होणार. हे वाक्य मोठ्यानं म्हणताना अजूनही गंमत वाटते, म्हणून मी ते मुद्दाम मोठ्यानं म्हणतो.

घरीदारी काय प्रतिक्रिया आल्या असतील, ते सांगायला नको. आई म्हणाली, "कोच म्हणजे क्रिकेटचा ना?" सासऱ्यांनी फक्त पीएफला हात लावू नका एवढंच बजावलं. आणि शिफ्टमधल्या मित्रांचा एकच प्रश्न: "पावडर कुठल्या कंपनीची?" त्यांचाही दोष नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली सकाळी शेक पाजणारे, महिन्याचा डबा गळ्यात मारणारे आणि वर "अजून दोन मेंबर आणा" म्हणणारे सगळेच स्वतःला वेलनेस कोच म्हणवतात. पाटी लावायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यामुळे माझी ओळख करून देताना पहिलं वाक्य ठरलेलं असतं: मी काहीही विकत नाही.

सुरुवात झाली ती कंपनीच्या वार्षिक मेडिकलपासून. आमच्या लाइनवरच्या लोकांचे रिपोर्ट वाटायचं काम माझ्याकडे आलं. एका ऑपरेटरनं आपली तीन वर्षांची कागदं एकत्र आणून दाखवली आणि माझ्यातला क्वालिटीवाला ताडकन जागा झाला. एचबीएवनसी ५.६, मग ५.९, मग ६.३. म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ला मधुमेह. अहो, मशीनवर असे तीन बिंदू एकाच दिशेनं चढताना दिसले असते तर आम्ही पीस अजून मर्यादेत आहे म्हणून गप्प बसलो असतो का? मशीन थांबवलं असतं, सेटरला बोलावलं असतं, टूल बदललं असतं! इथे मात्र माप चोख घेतलेलं, शेरा मारलेला — ‘वजन कमी करा, व्यायाम करा’ — आणि कागद पुढच्या वर्षीपर्यंत कपाटात. मोजमाप आहे, पुढची कृती नाही. ती कृती नेमकी कोण करतं? डॉक्टरांकडे वेळ नाही, घरच्यांचं कुणी ऐकत नाही.

आणि हे काही आमच्या एका लाइनचं नाही. २०२३ साली आयसीएमआर-इंडियाबच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले: देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर. उंबरठ्यावरचे जास्त!

मी शोधत गेलो आणि मला डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम हा अमेरिकेतला प्रयोग सापडला. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरंच सांगतो. उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांचे गट पाडले. एका गटाला मेटफॉर्मिन गोळी, एका गटाला नुसती दिसायला तशीच असलेली गोळी आणि एका गटाला माणूस. हो, माणूस! वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, या दोन गोष्टींसाठी सोबत करणारा माणूस. सुरुवातीला समोरासमोर बसून सोळा पाठ, नंतर अधूनमधून भेटी. फरक इतका स्पष्ट दिसू लागला की प्रयोग ठरल्यापेक्षा वर्षभर आधी थांबवला. २००२ साली निष्कर्ष छापून आले: गोळीनं मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं, सोबतीच्या माणसानं ५८ टक्क्यांनी. त्या माणसांना तिथे म्हणत होते लाइफस्टाइल कोच.

आमच्यातले शंकेखोर म्हणतील, ते अमेरिकन, लठ्ठ, आपलं वेगळं. तर चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर असाच प्रयोग केला, २००६ साली छापून आला. आपल्याकडे घट ५८ नाही, साधारण २८ टक्के भरली. पण तीही गोळीइतकीच, किंचित जास्त. गोळी आणि जीवनशैली दोन्ही एकत्र दिल्यावरही आकडा काही वाढला नाही. मला ही प्रामाणिक, जरा कमी चमकदार संख्याच जास्त आवडते. चमत्कार नाही, पण ज्याची साखर चढतेय त्याच्यासाठी थोडंथोडकंही नाही.

मग मी कोर्सला बसलो. शनिवार-रविवार ऑनलाइन वर्ग, वर्गात एक बँकवाल्या ताई, एक निवृत्त सुभेदार, दोन फिजिओथेरपिस्ट आणि मी. आम्हाला तिघातिघांत वाटतात. एक कोच, एक समोरचा, एक निरीक्षक. निरीक्षकानं फक्त बघायचं आणि टिपायचं: कोचनं किती वेळा तोंड घातलं. माझ्या डोक्यात होतं की आहारशास्त्र शिकवतील, कॅलरीचे तक्ते पाठ करायला लावतील. शिकवलं काय? गप्प बसायला!

म्हणजे तंत्र आहे बरं का, नुसतं गप्प बसणं नाही. त्याला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. विल्यम मिलर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९८२ साली नॉर्वेत बर्गनजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात गेले होते. तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ त्यांना रुग्णाचं सोंग घेऊन अडचणी सांगायचे आणि मधेच थांबवून विचारायचे: आत्ता हाच प्रश्न का विचारलात? तो का नाही विचारलात? उत्तरं देता देता मिलरना आपण नकळत काय करतोय ते उमगत गेलं. पुढच्या वर्षी त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि १९९१ साली स्टीफन रॉलनिक यांच्यासोबत पुस्तक. सगळ्याचं सार असं की माणसाच्या मनात बदलाच्या बाजूनं आणि विरुद्ध, दोन्ही बोलणी आधीपासून चालू असतात. तुम्ही बाजूनं बोललात की त्याच्याकडे विरुद्ध बोलण्याचंच काम उरतं. म्हणून बाजूनं त्यालाच बोलू द्यायचं. इतकं साधं! आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या काय करत आलो? पाहुणा सोफ्यावर टेकतो न टेकतो तोच त्याला मेथीचे दाणे आणि कारल्याचा रस!

यातला एक प्रश्न तर मला अक्षरशः वेड लावून गेला. सांगतो कसा ते.

सोसायटीतल्या एक काकू, निवृत्त शिक्षिका, एचबीएवनसी ६.२. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, त्या जात नाहीत. सरावासाठी बसायला तयार झाल्या.

"काकू, चालणं तुमच्यासाठी किती महत्त्वाचं? शून्य ते दहा."

"आठ."

"आणि जमेल असा विश्वास किती?"

"तीन. अरे, सकाळी यांचा चहा, नातवाचा डबा, बाई नाही आली तर भांडी. त्यात हे गुडघे."

एरवी मी इथेच झडप घातली असती. काकू, पाचला उठा. काकू, नी-कॅप घ्या. पण मी विचारलं, "तीन म्हणालात. एक का नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गात भलतंच उत्तर दिलंय. "एक कसं रे? श्रावणात मी रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळात चालत जातेच की. जाऊन-येऊन वीस मिनिटं सहज होतात. तेव्हा कुठे गुडघा कुरकुरतो?" मी गप्प. फार अवघड जातं हो गप्प बसणं! काकूच पुढे म्हणाल्या, "आणि श्रावणातच का जायचं म्हणते मी. मारुती काय बाकीचे अकरा महिने गावाला जातो?"

बघा! मी काही सांगितलंच नाही! "तीनच का, आठ का नाही" असं विचारलं असतं तर त्यांनी अडचणींची आणखी लांब यादी दिली असती. खालच्या आकड्याकडे बोट दाखवलं की माणूस आपल्या बाजूचे पुरावे काढतो. कारखान्यात आम्ही टोयोटाच्या पद्धतीनं एका बिघाडाला पाच वेळा ‘का’ विचारतो. मशीनला का विचारलं तर ते रागावत नाही. माणसाला "का नाही गेलात?" विचारा, तो लगेच स्वतःचा वकील होतो.

मग मी परवानगी मागितली, हेही तंत्रातच बसतं. "जेवणानंतर चाललं तर साखरेचं काय होतं, सांगू का?" सांग की, म्हणाल्या. तेव्हा सांगितलं की चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्या कामासाठी त्यांना इन्शुलिनची वाट बघावी लागत नाही. जेवणानंतर साखर चढत असते, नेमकं तेव्हाच हे गिऱ्हाईक दारात उभं. काकूंनी तिथल्या तिथे ठरवलं: जेवण साडेसातला, मग देवळापर्यंत. शनिवार सोडून, कारण शनिवारी तिथे रांग असते. विश्वास पुन्हा विचारला. "सहा," म्हणाल्या, मग जरा थांबून, "सात लिही."

घरी येताना मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो.

आता घरात सगळे माझे गिनिपिग. मुलगी कॉलेजला आहे, तिच्यावर मी ऐकलेलं आपल्या शब्दांत परत मांडायचा सराव करतो. चौथ्या वाक्याला ती म्हणाली, "बाबा, मी बोलते तेच तुम्ही मला परत सांगताय." मी म्हटलं, "म्हणजे तुला वाटतंय की मी तेच परत सांगतोय." ती उठून गेली.

परवा नातेवाइकांत जुना वाद पुन्हा निघाला, दीक्षित की दिवेकर. आठवत असेल, मध्यंतरी घराघरांत फाळणी झाली होती. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या बाजूचे दोनदाच जेवणार, तेही ५५ मिनिटांच्या आत. ऋजुता दिवेकरांच्या बाजूचे दर दोन तासांनी थोडं थोडं खाणार आणि वर तूप घेणार. मी पूर्वी एका बाजूनं तावातावानं भांडायचो. आता मला वादापेक्षा मावशींच्या ताटात आणि दिवसात रस वाटतो: त्या कधी उठतात, स्वयंपाक कुणासाठी करतात, स्वतः कधी जेवतात, उरलेली पोळी टाकवत नाही म्हणून कधी खातात. कुठलीही पद्धत त्या दिवसात बसली तरच टिकणार ना?

एक गोष्ट मात्र आम्हाला पहिल्या दिवसापासून ठोकून शिकवली आहे, आणि माझ्यासारख्या उत्साही माणसाला ती हवीच होती. कोच निदान करत नाही. गोळी सुरू करत नाही, बंद तर अजिबात करत नाही. छातीत दुखतंय, पायाची जखम भरत नाही, चार दिवस झोपच नाही, असं काही कानावर आलं की वही मिटायची आणि माणसाला डॉक्टरकडे पाठवायचं. अमेरिकेत या कामाचं एक राष्ट्रीय बोर्ड आहे, त्याची परीक्षा २०१७ पासून तिथल्या डॉक्टरांच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या सोबतीनं होते. परीक्षेला बसण्याआधी ५० सत्रांची नोंदवही दाखवावी लागते. मीही तशीच वही घातली आहे. ऑडिटची सवय, जाते कुठे!

पैशांचं विचाराल तर पगाराच्या जवळपासही जाणार नाही, निदान इतक्यात. घराचे हप्ते फिटलेत आणि बायकोची नोकरी आहे, म्हणून ही उडी. ज्याचे हप्ते चालू आहेत त्यानं माझं बघून राजीनामा लिहू नये. शनिवार-रविवार भरपूर असतात.

आणि सगळ्यांवर हे चालतं असंही नाही, म्हणून तर मजा! कोपऱ्यावरचे रिक्षावाले मामा तंबाखू सोडायचं म्हणत होते. स्टँडवरच गाठलं. मी वही उघडली आणि विचारलं, "मामा, शून्य ते दहा, सोडणं किती महत्त्वाचं?" मामांनी हातावरची चिमूट थांबवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, आपल्याला मीटरनं नको. तुम्हीच काय ते ठरवून सांगा."

ते शनिवारी परत बसणार आहेत. आकड्याशिवाय कसं विचारायचं, हे आजच्या वर्गात विचारून घेतो. लॉगिन करायची वेळ झालीच आहे, सुभेदारसाहेब नेहमी पाच मिनिटं आधी येऊन बसलेले असतात.