राजधानीतील एक परस

दिल्लीस येणारा प्रवासी लाल किल्ला पाहतो, कुतुबमिनार पाहतो, इंडिया गेटजवळच्या हिरवळीवर घटकाभर टेकतो आणि परतीच्या गाडीत बसतो. वाचकहो, आज आपणांस ह्याच शहरातील एका अशा जागी न्यावयाचे आहे, की जिचा उल्लेख प्रवाशांसाठी छापलेल्या कोणत्याही पुस्तिकेत आढळणार नाही. दक्षिण दिल्लीतील जुन्या सरकारी वसाहतींत तळमजल्याच्या घरामागे असणारे परस, ती ही जागा होय. चार खाटा मावतील एवढे अंगण. कोपऱ्यात नळ, नळाशेजारी कढीलिंब, भिंतीलगत लिंबोणी, मध्ये तुळस आणि भिंतीपलीकडून आत झुकलेली कडुनिंबाची जुनी फांदी. ह्या वसाहतींपैकी बऱ्याचशा स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत उभ्या राहिल्या. पंजाबी, बंगाली, तमिळ, मराठी कुटुंबे एकामागून एक येथे आली आणि बदली होताच निघून गेली. जाताना बहुतेकांनी एखादे झाड मागे ठेवले.

ह्या अंगणाची खरी संपत्ती म्हणजे त्याची माती. ती फरशीखाली गेलेली नाही, एवढ्याच एका गोष्टीवर येथील सारा संसार चालला आहे. पहिल्या सरी पडून गेल्या, की आठ दिवसांत तिच्यावर हिरवी लव दिसू लागते. दूर्वा येतात, एकदांडीची पिवळी-पांढरी फुले येतात, पुनर्नवेच्या तांबूस वेली जमिनीसरशी पसरतात आणि कुंपणाच्या कडेने आघाडा डोके वर काढतो. उत्तरेकडील शेजारी ह्या आघाड्यास ‘चिरचिटा’ म्हणतात. त्याची काटेरी बोंडे कपड्यांना चिकटतात म्हणून तो त्यांना नकोसा वाटतो. मराठी गृहिणी मात्र भाद्रपदात त्याच झुडपापुढे ताम्हन घेऊन उभी राहते. गणपतीच्या पत्रीसाठी तिला बाजारात जावे लागत नाही. उन्हाळा-पावसाळ्यात घोळीची भाजी आपोआप उगवते. तिला येथे ‘कुलफा’ म्हणतात. थंडीत चाकवत येतो, तो येथील ‘बथुआ’. तण म्हणून उपटून टाकण्यापूर्वी शेजारणीला नाव विचारावे. निम्म्या वेळा उत्तराबरोबर एक पाककृतीही मिळते.

आता लिंबोणीकडे वळू. तिच्या कोवळ्या पानांवर पिवळट, मोहरीहून लहान असे एकेक अंडे दिसते. त्यातून निघणारी अळी पाहून कोणासही वाटावे, की पाखराची विष्ठाच पानावर पडली आहे. तिचा काळपट रंग आणि त्यावरचा पांढरा डाग ह्यांचा हेतूही तोच असतो. चार वेळा कात टाकून ती मोठी होते आणि मग पानासारखी हिरवीगार दिसू लागते. तिला काडीने हलकेच स्पर्श करून पाहा. डोक्यामागून नारिंगी रंगाची दुभंगलेली शिंगे एकदम बाहेर येतात आणि उग्र दर्प पसरतो. काही दिवसांनी ती एखाद्या काटकीला रेशमी धाग्याने स्वतःस बांधून घेते आणि कोशात जाते. त्या कोशातून निघणारे काळे-पिवळे फुलपाखरू आपण शेकडो वेळा पाहिले असेल. त्याच्यासाठी झाडाला पाचपंधरा पाने द्यावी लागतात. एवढ्यासाठी कीटकनाशकाची पूड फवारणारे लोक पाहिले, की नवल वाटते. त्यांच्या लिंबांचे रक्षण होते हे खरे, पण त्याच लिंबोणीवर घरटे करणाऱ्या शिंपी पक्ष्याचे भक्ष्य त्यांनी नाहीसे केलेले असते. हा अंगठ्याएवढा पक्षी आपल्या चोचीने पानांच्या कडांना छिद्रे पाडतो, कोळ्याचे जाळे आणि कापसाचे तंतू त्यांतून ओवतो आणि पानाची पिशवी शिवतो. तिच्या आत मऊ अस्तर घालून मादी तीन-चार अंडी देते. पिल्लांना भरवावयास अळ्याच लागतात.

चिमणीचीही गोष्ट हीच आहे. २०१२ साली दिल्लीने चिमणीला आपला राज्यपक्षी ठरविले. तत्पूर्वी २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जाऊ लागला होता. तेव्हापासून लाकडी खोपी आणि दाण्यांच्या थाळ्या घरोघरी टांगल्या गेल्या. परंतु थोरली चिमणी दाण्यावर जगली, तरी तिची पिल्ले पहिल्या दिवसांत किड्यांवरच वाढतात, आणि किडे काही फरशीवर निपजत नाहीत.

ह्या परसातील सर्वांत गडबड्या मंडळींचा परिचय अजून राहिलाच. सकाळी सातच्या सुमारास मातकट रंगाच्या सहा-आठ पक्ष्यांची टोळी कलकलाट करीत भिंतीवरून खाली उतरते. मराठीने त्यांस ‘सातभाई’ म्हटले, हिंदीनेही भाऊच मानले. इंग्रजांनी मात्र त्यांना सात बहिणी ठरविले. भाषांतर करणाराने येथे काय करावे? पाहिले तर दोन्ही खरे, कारण टोळीत नर-मादी दोन्ही असतात आणि पिल्लांना भरविण्याच्या कामी सारे कुटुंब हातभार लावते. एक जण उंच फांदीवर पहारा करतो. बाकीचे कडुनिंबाची वाळकी पाने चोचीने उलथीपालथी करून त्यांखालचे किडे, कोळी, वाळवी टिपतात. त्यांचे स्वयंपाकघर म्हणजे तो पाचोळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिल्लीचा कडुनिंब पाने झाडतो, तेव्हा अंगण रोज दोनदा लोटून आरशासारखे ठेवणारी गृहिणी नकळत त्यांची चूल विझवीत असते. पाने जाळण्यास तर दिल्लीत बंदीच आहे. ती लोटून झाडांच्या आळ्यांत सारावीत. माती थंड राहते, पाणी कमी लागते आणि सातभाईंचीही सोय होते.

सातभाईंची एवढी चिंता कशासाठी, असे आपण विचाराल. त्यांच्या घरट्यावर आणखी दोघांचा संसार अवलंबून आहे. एक पावशा, दुसरा चातक. दोघेही कोकिळेच्या कुळातले. स्वतःचे घरटे बांधीत नाहीत, आणि बहुधा सातभाईंच्याच घरट्यात अंडी घालतात. पावशाची हाक आमच्या शेतकऱ्यास ‘पेरते व्हा’ अशी ऐकू येते. उत्तरेकडे हाच पक्षी पपीहा होतो आणि ‘पी कहाँ’ असे विचारतो. इंग्रज माणसाला त्याच सुरात तापाने डोके उठल्याचा भास झाला. एकाच स्वराची ही तीन भाषांतरे, आणि तिन्ही आपापल्या जागी अचूक! चातक तर आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून पावसाबरोबर उत्तर भारतात येतो. पाचोळा गेला, की सातभाई जातात. सातभाई गेले, की ज्यांच्या हाकेवर आपल्या कवींनी शतकानुशतके विरह आणि तृष्णा तोलली, ते दोघेही गप्प होतात.

खारीबद्दल दोन शब्द. दक्षिणेतील खारीच्या पाठीवर तीन पट्टे असतात आणि त्यांची कथा सेतुबंधनाशी जोडलेली आहे. दिल्लीच्या खारीला पट्टे पाच. ही दोन अधिक बोटे कोणाची, ह्याचा खुलासा आमच्या शेजारच्या पंडितजींनाही करता आला नाही.

परसाला पक्की फरशी करण्याची इच्छा सहसा दिवाळीच्या आधी होते. चिखल नको, डास नकोत, मुलांचे पाय मळू नयेत, ही कारणे खोटी नाहीत. पण मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सायंकाळी शिंपडलेल्या मातीवर बसता येते. तापलेले सिमेंट मात्र रात्री उशिरापर्यंत उष्णता टाकीत राहते. झाडाच्या मुळांचीही कोंडी होते. म्हणूनच २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांच्या बुंध्यांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. ज्यांना चालण्यापुरती पक्की वाट हवी, त्यांनी विटा नुसत्या मातीत बसवाव्या. फटींतून दूर्वाही येतात.

ह्याहून मोठा प्रश्न संपूर्ण वसाहतींचाच आहे. सरोजिनी नगर, नेताजी नगर, कस्तुरबा नगर आदी सात वसाहतींच्या पुनर्विकासास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली मान्यता दिली. जुनी ठेंगणी घरे जाऊन तेथे उंच इमारती व्हावयाच्या होत्या. २०१८ च्या जूनमध्ये झाडे तुटू लागताच नागरिक बुंध्यांना मिठ्या मारून उभे राहिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तोडीस स्थगिती दिली. त्यानंतर २०२० च्या धोरणाने बाधित झाडांपैकी किमान ८० टक्के झाडे उचलून दुसरीकडे लावण्याचा नियम घातला. घरांची निकड खरी आहे. छत गळणाऱ्या खोल्यांत राहिलेले कुटुंब ती नाकारणार नाही. परंतु तोडलेल्या एका झाडामागे दहा रोपे लावली, तरी धनेशाचा प्रश्न सुटत नाही. त्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःस लिंपून घेते आणि नर बारीक फटीतून तिला पिंपळाची, पिलखनाची फळे भरवितो. ढोली पडण्यास झाडाला कित्येक दशके म्हातारे व्हावे लागते. रोपाला ती नसते, आणि फांद्या छाटून हलविलेल्या वृक्षालाही क्वचितच उरते.

ज्या वसाहतींत अजून परसे आहेत, तेथे जूनच्या अखेरीस विजेच्या तारेवर शेंडीचा काळा-पांढरा चातक येऊन बसतो. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात सातभाईंचे सारे कुटुंब एका निराळ्याच रंगाच्या पिल्लामागे चोचीत किडे घेऊन धावताना दिसते. पिल्लू भिंतीवर बसून अखंड ओरडत असते, आणि त्याच्या मातकट आया-बाप्यांपैकी कोणी ना कोणी तुळशीच्या आळ्यातील पाने उलथीत असतो.