काउंटरमागची जीभ

व्हिस्कीच्या बाटलीत प्रत्यक्ष व्हिस्की किती रुपयांची असते, हे गिऱ्हाइकाला एकदा सांगून बघा. तो बाटली खाली ठेवतो, दोन शिव्या देतो आणि मग तीच बाटली घेऊन जातो. जून 2025 मध्ये राज्य सरकारनं देशात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेलं. पव्व्याची, म्हणजे 180 मिलीची, किमान किंमत ठरली देशीसाठी 80 रुपये, नव्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’साठी 148, देशात बनलेल्या विदेशीसाठी 205 आणि उंची विदेशीसाठी 360. या चार आकड्यांमधलं अंतर गिऱ्हाईक चवीचं समजतो. त्यातलं बरंचसं कराचं असतं, उरलेल्यात चकचकीत खोकं आणि जाहिरात. चवीचा वाटा असतो, नाही असं नाही, पण तो शोधून काढावा लागतो आणि मला पगार त्याचा मिळतो असं मी तरी मानतो. मालक मानत नाही.

दुकान तुमसरात, मी मूळचा चिखल्याचा. चिखला म्हणजे मॉइल कंपनीची भूमिगत मँगनीज खाण, शेजारच्या डोंगरी बुजुर्गला उघडी खाण, आणि मध्ये गोबरवाही. तिकडची माणसं बाजाराला तुमसरला येतात, तशी आमच्याकडंही येतात. पगाराच्या आठवड्यात तर काउंटरवर अर्धे चेहरे ओळखीचे. पाटीवर ‘वाइन शॉप’ लिहिलंय, आत वाइनचा एकच कप्पा आहे.

परदेशातल्या दुकानांत चार बाटल्या उघड्या ठेवतात, चाखा आणि न्या म्हणतात. आमच्या परवान्यात दुकानात थेंबही ओतता येत नाही. मद्य पिण्यासाठीच मुळात 1949 च्या दारूबंदी कायद्याखालचा परवाना लागतो, एका दिवसाचा, एका वर्षाचा किंवा आजन्म. त्यामुळं चाखायचं मी, माझ्या घरी, माझ्या पैशानं, आणि विश्वास ठेवायचा गिऱ्हाइकानं. तो विश्वास कमवायचा असेल तर आधी आपण बोलायचं थांबवावं लागतं. मी विचारतो: जेवण काय आहे? पाणी किती घालता? सोबत कोण? आणि खाणीतला माणूस असेल तर, उद्या पाळी कोणती? सकाळची पाळी म्हटलं की मी अद्धा मागणाऱ्याच्या हातात पव्वा देतो. यावरून मालकाशी वाजतं.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न मात्र चवीचा नसतोच. “भाऊ, सकाळी डोकं धरते का हे?” याला मी एकच उत्तर देतो, की डोकं बाटली धरत नाही, तुम्ही किती घेता ते धरतं. ‘लाइट’ दारू नावाची चीज मी कुणाला सुचवत नाही. लेबलवर 42.8 टक्के छापलेलं असतं, महागड्या बाटलीवर आणि स्वस्त बाटलीवर बहुतेक वेळा सारखंच. घशाला मऊ लागली म्हणून ती रक्तात मऊ होत नाही.

चाखायची माझी पद्धत साधी आहे. रविवारी दुपारी, जेवणाआधी. दोन मित्र असतात, त्यांतला एक भातगिरणीत कामाला, त्याचं नाक माझ्यापेक्षा तिखट. तीन-चार बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, कोणती कुठली हे माझ्या बायकोलाच ठाऊक. एकसारखे, तोंड आत वळलेले छोटे ग्लास. घोटभर ओतायची, आधी नुसती हुंगायची, तोंड किंचित उघडं ठेवून, नाहीतर अल्कोहोल नाकाला झोंबतं आणि बाकी काही कळत नाही. मग जिभेवर, मग थुंकायची. मग तेवढंच साधं पाणी घालून पुन्हा. पाणी घातलं की झोंबणं कमी होतं आणि आतलं बाहेर येतं, चांगलंही आणि वाईटही. वरून घातलेला सुगंध इथंच उघडा पडतो: व्हॅनिलाचा गोड वास पाण्यानं वेगळा सुटतो आणि त्याच्याखाली काही उरत नाही. राहिलेला ग्लास न धुता झाकून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगायचा. माल्ट असेल तर कोरड्या काचेला धान्याचा, लाकडाचा वास असतो. नसेल तर चिकट गोडी, किंवा काहीच नाही.

आपल्याकडची बहुतेक व्हिस्की उसाच्या मळीपासून किंवा धान्यापासून काढलेल्या न्यूट्रल स्पिरिटवर उभी असते, त्यात थोडं माल्ट. युरोपात मळीच्या स्पिरिटला व्हिस्की म्हणून विकू देत नाहीत. यात लपवण्यासारखं काही नाही असं मला वाटतं. सोडा भरपूर, बर्फ भरपूर आणि पुढ्यात सावजीचं मटण असेल, तर तिथं महागडी माल्ट ओतणं म्हणजे पैसे रश्श्यात टाकणं. अशा गिऱ्हाइकाला मी धान्याची, मधल्या दराची बाटली देतो आणि उरलेल्या पैशात मटण वाढवा म्हणतो.

ज्याला खरंच चाखायचंय, तो हमखास ‘बारा वर्षांची’ मागतो. वयाचा हा हिशेब थंड मुलखातला. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के उडून जातं, बंगळुरूत दहा-बारा टक्के. इतक्या उन्हात बारा वर्षं ठेवली तर पिंपात फारसं काही शिल्लक राहायचं नाही. लाकूडही इथं झपाट्यानं उतरतं, म्हणून बंगळुरूची अमृत किंवा गोव्याची पॉल जॉन चार-पाच वर्षांतच भरदार होते. अमृतनं 2004 मध्ये आपली सिंगल माल्ट पहिल्यांदा विकायला काढली ती ग्लासगोत, भारतात नाही. भारतीय माणूस भारतीय व्हिस्कीला एवढे पैसे देणार नाही, हा त्यामागचा अंदाज त्या वेळी खराच होता. आज तुमसरातसुद्धा जावयासाठी कुणीतरी भारतीय माल्ट मागतो.

वासाच्या बाबतीत मात्र चिखल्याच्या माणसाला मी काही शिकवत नाही. मार्च-एप्रिलात पहाटे मोहाखाली फुलं वेचलेली ही माणसं. अंगणात वाळणारा मोह, भिजवून आंबलेला मोह, धुरकट हातभट्टीतून उतरलेला मोह, तिन्ही वास ते डोळे मिटून वेगळे सांगतील. एकाच बाबतीत त्यांच्याशी माझं जमत नाही, ते म्हणजे पहिल्या धारेचं कौतुक. भट्टीतून जे सगळ्यात आधी उतरतं ते कडक असतं हे खरं, पण हलके, झोंबणारे पदार्थ त्यातच जास्त असतात. नेलपॉलिशसारखा जो वास येतो, तो त्यांचाच. स्कॉटलंडचा कारागीर ही पहिली धार बाजूला काढतो, शेवटची जड धारही काढतो आणि मधलीच पिंपात भरतो. हे मी एका निवृत्त खाणकामगाराला समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणूनच त्यायची इतकी महाग पडते, अर्धी तर फेकूनच देते.”

गोव्यात डेसमंड नाझरेथ यांच्या कंपनीनं 2018 मध्ये मोहाची दारू रीतसर बाटलीत आणली. मध्य प्रदेशानं, म्हणजे आमच्या शेजारच्याच राज्यानं, आदिवासी बचत गटांना मोहाची ‘हेरिटेज’ दारू काढायला परवाने दिले. गोव्याची मी तिथं गेलो असताना चाखली. फुलाचा वास शाबूत, धूर नाही, घशाखाली स्वच्छ उतरणारी. चिखल्यात ती कुणी मोहाची म्हणून ओळखेल, पण धूर नाही म्हणून तक्रारही करेल. दोन्ही मतं मला मान्य आहेत.

आता वाइन. इथं माझी खरी पंचाईत होते, कारण द्राक्षं नाशिकची, अकलूजची, आणि उन्हाळा भंडाऱ्याचा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, दुपारी वीज जाते आणि कप्प्यातली वाइन शिजते. तांबड्या वाइनला मग मुरंब्यासारखा वास येतो, पांढरी पिवळी पडते. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवाव्या लागतात, बूच ओलं राहावं म्हणून. त्यावरूनही गमती होतात. आमच्या भागात ‘आडवी बाटली’ म्हणजे दारू दुकान बंद करण्यासाठीच्या मतदानातली निशाणी, उभी बाटली म्हणजे दुकान चालू. वाइनचा कप्पा बघून एका बाईनं मला विचारलं होतं, “यायले कोनी आडवं पाडलं?” मी तेव्हापासून शक्यतो फिरकीच्या झाकणाची वाइन मागवतो, ती उभी राहिली तरी चालते.

वाइन सुचवताना लोकांना तांबडीच हवी असते, तब्येतीला चांगली म्हणून. तब्येतीसाठी मी काहीच विकत नाही. सावजीच्या तिखटापुढं तांबड्या वाइनचा तुरटपणा जिभेला आग लावतो, त्याऐवजी किंचित गोडसर, थंडगार शेनिन ब्लाँ घ्या म्हणतो. तलावातल्या मासोळीच्या तळलेल्या तुकड्यांबरोबर सॉव्हिन्यों ब्लाँ, पण लेबलवरची तारीख बघून. ही वाइन ताजी असतानाच खरी, दोन उन्हाळे काढलेली बाटली अर्ध्या दरात मिळाली तरी घेऊ नये. आणि तांबडीच पाहिजे असा हट्ट असेल तर अकलूजची सांजोवेजे, तासभर फ्रिजमध्ये ठेवून. तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं पुस्तकात असतं, पण ती खोली तुमसरातली नसते.

हिवाळ्यात, दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रांचे, दिवस सुरू झाले की गावोगावी दंडार, नाटकं, पाहुणे. लेकी-जावई येतात, नागपूर-पुण्याला नोकरीला गेलेली पोरं येतात आणि वाइन विचारतात. तेव्हाच मी नाशिकचा माल भरतो, थोडाच, महिन्यात संपेल एवढा. उन्हाळ्यात कुणी वाइन मागितली तर सरळ सांगतो, आत्ता आहे ती घेऊ नका, मंडईला या.