दुबईत एकटीने राहताना

कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांना दुबई परकी वाटतच नाही. अब्बा तिथे होते, मामू आहेत, आता भाऊ निघालाय. पण त्याच घरातली मुलगी नोकरीसाठी निघाली की सगळे गप्प होतात आणि मग कोणीतरी विचारते, "एकटी राहणार कशी?" प्रश्न काळजीपोटीच येतो. नर्स, शिक्षिका, लॅब टेक्निशियन म्हणून आपल्या मुली तिकडे जात आहेत, तेव्हा त्याचे नीट उत्तर घरात सगळ्यांनाच माहीत असायला हवे. एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करत मी सहा वर्षे तिथे राहिले. त्या अनुभवातून हे लिहीत आहे.

मी राहायचे ते करामा भागात. ही दुबईची जुनी वस्ती. बुटक्या इमारती, खाली केरळी हॉटेले, शिंप्यांची आणि मोबाइलची दुकाने, जुम्म्याला मशिदीबाहेर चपलांच्या रांगा. रात्री दहा-अकरालाही बायका मुलांचा हात धरून भाजी घेताना दिसतात. मेट्रो २००९ साली सुरू झाली. तिच्यात स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळा भाग असतो, फलाटावर तशी गुलाबी खूण असते. पुरुष तिथे चढला तर १०० दिरहम दंड. गुलाबी छताच्या टॅक्सीही आहेत, त्या बायकाच चालवतात. पोलिसांचा नंबर ९९९. रात्रपाळी करून परतताना रस्त्यावर मला कधी भीती वाटली नाही.

काळजी घ्यावी लागते ती घराच्या दाराआड आणि कागदपत्रांत.

आधी घराचे पाहू. भाडी इतकी की एकटीच्या पगारात अख्खा फ्लॅट परवडत नाही. म्हणून 'बेडस्पेस' घेतात, म्हणजे एका खोलीत चार-सहा जणी, प्रत्येकीला एक पलंग, अर्धे कपाट आणि फ्रिजमध्ये एक कप्पा. 'फक्त लेडीज' अशा चिठ्ठ्या खांबांवर चिकटवलेल्या असतात, आता फोनवरही येतात. चिठ्ठीवर जाऊ नये. जागा दिवसाउजेडी, ओळखीच्या बाईला सोबत घेऊन पाहावी. आत खरोखर बायकाच राहतात का, किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत, न्हाणीघराची कडी लागते का, हे स्वतः बघावे. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मूळ भाडेकरू कोण, ते विचारावे. तिथे भाडेकराराची सरकारी नोंद होते, तिला 'इजारी' म्हणतात. राहणाऱ्या इतरांची नावेही नोंदवावी लागतात. तिथे आपले नाव नसेल, तर उद्या रात्री कोणी सामान बाहेर ठेवले तर दाखवायला हातात काहीच नसते. पैसे दिले की पावती घ्यावी.

दुबईत प्रत्येक इमारतीवर 'मकानी'चा दहा आकडी नंबर असतो. तेवढा सांगितला की पोलीस, टॅक्सी नेमक्या दारात येतात. तो मी अम्मीलाही कळवून ठेवला होता.

आता कागदपत्रे. एकदा दवाखान्यात लहान मुलाला लस द्यायला एक मुलगी आली. मी अम्मीशी फोनवर बोलत होते. ते ऐकून ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आपा, तुम्ही आपल्याकडच्या का?" मराठवाड्यातली होती. दुकानात नोकरी म्हणून सांगून एजंटाने तिला व्हिजिट व्हिसावर आणले आणि एका घरात कामाला लावले. पासपोर्ट घरमालकिणीच्या कपाटात. फोन फक्त रात्री मिळायचा. दोन महिने झाले होते आणि घरी तिने अवाक्षर सांगितले नव्हते. का, तर "हट्टाने आले ना मी. अब्बा म्हणतील, सांगितलं होतं."

आम्ही तिला भारतीय दूतावासाच्या मदत केंद्राचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. तो ८०० ४६३४२, फोन फुकट लागतो. त्याच रात्री तिने फोन केला. पुढे पासपोर्ट परत मिळाला आणि अल्हम्दुलिल्लाह, ती सुखरूप घरी पोहोचली. कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायलाही मनाई आहे. हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून निघण्यापूर्वीच काही गोष्टी पक्क्या कराव्यात. एजंट भारत सरकारच्या 'ई-मायग्रेट' यादीत आहे का, ते तपासावे. व्हिजिट व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. 'तिकडे गेल्यावर बदलून देतो' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. नोकरीचा देकार हिंदी किंवा उर्दूतही मिळू शकतो, तो स्वतः वाचून मगच सही करावी. पासपोर्ट, व्हिसा, करार यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. आणि आपण कुठे आहोत हे ठाऊक असणारी तीन माणसे हवीत, एक कामावरची, एक शेजारची, एक घरची.

तवक्कुल करायचे, पण आधी उंट बांधायचा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. वर सांगितले ते सगळे उंट बांधण्यातलेच आहे.

पण मुलगी एकटी बांधून बांधून किती बांधेल? त्या मुलीला कुलपाने अडवले त्याहून जास्त घरच्या टोमण्याच्या भीतीने अडवले. नंबर मिळाला त्या रात्री ती अर्ध्या तासात फोन करू शकली. घरी मात्र दोन महिने करू शकली नव्हती. तेव्हा आई-वडिलांनो, भावांनो, परवानगी द्यायची की नाही हा तुमच्या घरचा विचार. पण दिली असेल तर एक गोष्ट तिला जाण्यापूर्वीच स्पष्ट सांगा: काहीही झाले, चूक कोणाचीही असो, पहिला फोन घरी कर, कोणी रागावणार नाही. आणि तिचा फोन आला की पगार किती साठला हे मागाहून विचारा. आधी विचारा, दार नीट लागते ना, पासपोर्ट तुझ्याजवळच आहे ना, आणि जेवलीस ना.