थुंकीनं खाल्लेलं लोखंड

आज पिकाचं नाही, लोखंडाचं लिहितोय.

गंगासागरच्या यात्रेत दोन दिवस कोलकात्यात मुक्काम होता, तेव्हा हावडा पूल पायी फिरून बघितला. फोटोत दिसतो त्यापेक्षा अवाढव्य आहे. हुगळीवर 1,500 फुटांचा गाळा, आणि पात्रात एकही खांब नाही. दोन्ही काठांवरून 468 फुटांचा एकेक हात पुढं आलाय आणि मधला 564 फुटांचा तुकडा त्या हातांनी धरलाय. विहिरीवर फळी पुढं काढून मागच्या टोकावर वजन ठेवतो ना, तसलाच हिशोब. रस्ता तर वरून टांगलेला, लोखंडी टांगण्यांच्या 39 जोड्यांवर. नटबोल्ट नाहीत, सगळं रिवेट मारून जोडलंय. 26,500 टन पोलादातलं 23,000 टन टाटांचं. महायुद्धामुळं विलायतेचा माल येईना. फेब्रुवारी 1943 मध्ये वाहतूक सुरू झाली, तीही गाजावाजा न करता, कारण जपानी विमानांची धास्ती. 1965 पासून नाव रवींद्र सेतू, पण आम्हाला तरी सगळे हावडाच म्हणताना भेटले.

आता मुद्द्याचं. युद्ध झालं, वादळं झाली, 2005 मध्ये एक मालवाहू जहाज खालून धडकलं, तरी पूल उभाच. त्याला पोखरलं ते पान-गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी! टांगण्यांच्या बुडाशी पोलादी झाकणं आहेत. 2007 नंतर तीन-चार वर्षांत त्यांची 6 मिलिमीटरची जाडी निम्म्यावर आली. शेवटी पोर्ट ट्रस्टला त्यावर फायबरग्लासची आवरणं बसवावी लागली. लोक थुंकायचे थांबणार नाहीत, निदान धुता तरी यावं.

आपल्याला यात नवल वाटू नये. खताची पोती ज्या लोखंडी खाटेवर ठेवतो, तिचे पाय किती पावसाळे टिकतात? ओल आणि क्षार एका जागी बसले की लोखंड गेलंच म्हणायचं. आमच्या ओढ्यावरच्या पुलाचे कठडे बुडातून सडलेत, आणि बरोबर तिथंच फवारणीचे पंप धुतले जातात. शाळेची पोरं त्याच कठड्याला रेलून उभी असतात. ग्रामसभेत विषय काढला की उत्तर ठरलेलं, "एवढ्याशा पाण्यानं काय होतंय?"

पुलाच्या कोलकात्याकडच्या टोकाखाली मल्लिक घाटाचा फूलबाजार आहे. तिथं झेंडू आपल्यासारखा क्रेटमध्ये सुटा नाही, ओवलेल्या माळांचे गठ्ठे येतात. ओवणावळ कुणाच्या अंगावर पडते ते विचारायचं होतं, पण भाषा आडवी आली. डोक्यावर पिवळे ढीग घेऊन हमाल पूल ओलांडत होते, आम्ही त्यांच्या मागोमाग. आमच्या तात्यांच्या गालात तंबाखू. एका टांगणीजवळ ते थबकले, आवरणावरचा लाल थर बघितला, आणि पुढचे चार-पाचशे मीटर एक शब्द बोलले नाहीत. बोलता येतच नव्हतं.